मांगा वाचून जपानी: कोणत्या पायरीवर काय हाती घ्यावं?

पहिला मांगा (जपानी चित्रकथा) घेताना बहुतेक जण चित्रांवरून ठरवतात. गुटगुटीत पात्रं म्हणजे सोपा, तलवारी आणि रक्त म्हणजे अवघड. हा अंदाज हमखास फसतो. वाचन किती जड जाणार हे तीन गोष्टींवर ठरतं: कांजीशेजारी (चिनीतून आलेल्या अक्षरांशेजारी) फुरिगाना (उच्चार दाखवणारी बारीक अक्षरं) आहे का, पात्रं कोणत्या वळणाचं बोलतात, आणि गोष्ट घरादारातली आहे की मनानं रचलेल्या जगातली.

आपल्याकडच्या बऱ्याच वर्गांत ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पाठ्यपुस्तक शिकवतात, म्हणून त्याचेच धडे माप म्हणून घेऊ. ‘देस-मासु’ ही अदबीची रूपं सोडून मित्रामित्रांचं साधं बोलणं त्यात विसाव्या धड्यात येतं. ‘ते शिमाउ’ (‘करून टाकणं’सारखं) एकोणतिसाव्या, आज्ञार्थ तेहेतिसाव्या आणि कर्मणी सदतिसाव्या. मांगात मात्र हे सगळं पहिल्या दहा पानांतच भेटतं. त्यामुळे विसाव्या धड्याआधी मांगा उघडणं म्हणजे चित्रं बघणं. पंचविसाव्यानंतर, म्हणजे साधारण एन-५ (जपानीच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी; एन-१ सगळ्यात अवघड) झाल्यावर, घरगुती मांगा चिकाटीनं जमतो. मारधाडीचा मांगा चाळिसाव्या धड्यापर्यंत बाजूला ठेवलेला बरा, कारण त्यातलं निम्मं बोलणं आज्ञा आणि दटावणी असतं.

‘योत्सुबा तो!’ की ‘डोरेमॉन’?

एन-५ ते एन-४ च्या टप्प्यावर खरी निवड या दोघांत असते. दोन्हींत कांजीवर फुरिगाना आहे.

आझुमा कियोहिको यांचा ‘योत्सुबा तो!’ २००३ पासून ‘देंगेकि दाइओ’ मासिकात येतो आहे. पाच वर्षांची मुलगी, तिचे बाबा, शेजारच्या तीन बहिणी. विषय म्हणजे खरेदी, पाऊस, एसी. यातले शब्द रोजच्या जगण्यात लागणारे आहेत, हा त्याचा मोठा गुण. पण एक खोच आहे. योत्सुबाचं बोलणं बहुतेक नुसत्या हिरागानात (उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या अक्षरांत) छापलेलं असतं. कांजी नाही म्हणून नवशिक्या खूश होतो आणि तिथेच अडकतो. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. कुठला शब्द कुठे संपला हे डोळ्याला कांजीच सांगते. ती काढली की मोडीचा कागद हातात आल्यासारखं होतं, अक्षरं ओळखीची पण शब्द तोडायचे आपणच. त्यात ही पोर शब्द चुकीचे ऐकते आणि तसेच म्हणते. तिचं वाक्य कळलं नाही तर पुढे जा. मोठ्या माणसाचं उत्तर वाचलं की बहुधा उलगडा होतो.

‘डोरेमॉन’ १९६९ च्या अखेरीस शोगाकुकान या प्रकाशकाच्या शाळकरी मासिकांत सुरू झाला; ‘तेन्तोमुशि कॉमिक्स’चे मूळ ४५ खंड आहेत. फायदा असा की गोष्ट साधारण दहाएक पानांत संपते, आणि हिंदीत टीव्हीवर पाहिलेली असल्यानं नोबिता, शिझुका, जियान (हिंदीतला जियान तोच) कोण आहेत हे शिकावं लागत नाही. उपकरणांची नावं म्हणजे व्याकरणाचे छोटे पाठच: ‘दोकोदेमो दोआ’त ‘दोकोदेमो’ म्हणजे कुठेही, ‘आन्किपान’ म्हणजे पाठांतराचा पाव. शिवाय एकाच वर्गातली मुलं किती वेगळ्या तऱ्हेनं बोलतात तेही दिसतं. जियान स्वतःला ‘ओरे’ (रांगडा ‘मी’) म्हणतो आणि हुकूम सोडतो, शिझुका वाक्याच्या शेवटी ‘वा’, ‘नो यो’ लावते. तोटा काळाचा. मोकळ्या मैदानातले सिमेंटचे पाइप, घरातल्या वस्तू, बोलण्याच्या लकबी, सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं. आजच्या तरुणी शिझुकासारखं क्वचितच बोलतात.

रोजचं बोलणं हवं असेल तर ‘योत्सुबा’ घ्या. आठवड्यात फक्त तीन-चार वेळा अर्धा तास मिळत असेल तर ‘डोरेमॉन’, कारण दोन बैठकांत एक गोष्ट पुरी होते आणि सोडून द्यायची इच्छा कमी होते.

‘शिनचॅन’ या यादीत का नाही? तो १९९० मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाला, विनोद मोठ्यांचे आहेत आणि पोरगा मुद्दाम उलटं बोलतो. घरी येणाऱ्यानं ‘तादाइमा’ (आलो) म्हणायचं असतं, हा ‘ओकाएरि’ (आलास का) म्हणतो. बरोबर काय ते आधी पक्कं असेल तरच यात मजा आहे. चार चौकटींचे ‘योन्कोमा’ही लांबीनं फसवतात: चौथी चौकट बहुतेकदा श्लेषावर उभी असते, आणि मागचा संदर्भ मदतीला नसतो.

बोललेलं पुस्तकात का सापडत नाही

इथे मराठी वाचकाला दोन गोष्टी सोप्या जातात आणि एक जड. क्रियापद शेवटी, नामामागे प्रत्यय, वाक्याच्या टोकाला ‘ना’सारखा ‘ने’: हे सगळं घरचं वाटतं. ध्वनिशब्दही. ‘दोकिदोकि’ म्हणजे धडधड, ‘गुरुगुरु’ म्हणजे गरगर, ‘झाझा’ म्हणजे धो धो, ‘शितोशितो’ म्हणजे रिमझिम, ‘शीन’ म्हणजे शुकशुकाट. असे शब्द शब्दकोशात शोधत बसू नका. चित्र बघून मराठीतला जोड शब्द शोधा, बहुधा सापडतोच.

जड जातो तो कर्ता. मराठीत ‘गेलो’, ‘गेली’, ‘गेलीस’ म्हटलं की कोण ते क्रियापदच सांगतं. जपानी ‘इत्ता’ काहीच सांगत नाही, आणि मांगातली पात्रं कर्त्याबरोबर ‘वा’, ‘ओ’ हे प्रत्ययही गाळतात. अशा वेळी फुग्याचं शेपूट कुणाकडे आहे ते आधी पाहा.

दुसरा अडथळा आखूड रूपांचा. ‘तेइरु’चं ‘तेरु’, ‘ते शिमाउ’चं ‘चाउ’, ‘ते ओकु’चं ‘तोकु’, ‘नाकेरेबा’चं ‘नाक्या’, ‘नाइ’चं ‘नेए’. ही पाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ‘मितेन्जा नेए यो’ हे शब्दकोशात मिळणार नाही. सोडवलं की ‘मितेइरु नो देवा नाइ यो’ होतं, आणि अर्थ नकारार्थी विधानाचा नसून ‘बघतोस काय रे!’ असा दमाचा.

‘वन पीस’ की ‘कॉनन’?

दोन्ही शोनेन (कुमारवयीन मुलांसाठीचे), दोन्हींत फुरिगाना, दोन्ही शंभर खंडांच्या पुढे गेलेले. एन-३ च्या आसपासचे विद्यार्थी यांत अडखळतात, पण वेगवेगळ्या जागी.

‘वन पीस’ (१९९७ पासून) मध्ये फुगे लहान, पण जग बनावटी. ठिकाणं, शक्ती, पदं यांचे शब्द बाहेर कुठेच लागत नाहीत. फुरिगानाही इथे फसवतो. खजिन्याच्या नावाची कांजी ‘हितोत्सुनागि नो दाइहिहो’ अशी लिहून शेजारी ‘वन पीस’ छापलेलं असतं. हा उच्चार त्या कांजीचा नव्हेच. शोनेनमध्ये ‘होन्कि’च्या (खरोखर, मनापासून) कांजीवर ‘माजि’ हा बोलीतला शब्द छापायचा प्रकारही चालतो. म्हणून कांजीचा उच्चार वहीत उतरवण्यापूर्वी कोशात पडताळा.

‘कॉनन’ या गुप्तहेरकथेत (१९९४ पासून) फुगे भरगच्च असतात, उलगड्याच्या प्रकरणात तर पानभर मजकूर. तरी त्याची मेहनत वाया जात नाही. ‘हान्निन’ (गुन्हेगार), ‘हिगाइशा’ (बळी), ‘शोको’ (पुरावा), ‘आरिबाइ’ (गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे असल्याचा पुरावा) हे शब्द प्रत्येक प्रकरणात परत येतात आणि बातम्यांतही लागतात. कॉनन मोठ्यांशी स्वतःला ‘बोकु’ (मुलाचा सौम्य ‘मी’) म्हणत लाडात बोलतो आणि मनात ‘ओरे’ म्हणतो. कुणाशी कसं बोलायचं हे एकाच पात्रात शिकायला मिळतं. परीक्षेसाठी वाचणाऱ्यानं बेलाशक ‘कॉनन’ घ्यावा, पण एन-३ चं व्याकरण हातात आल्यावर.

शोनेन नायकाची भाषा तोंडी बसवू नका. ‘ओमाए’ म्हणजे अरे-तुरे, आणि ‘तेमेए’, ‘किसामा’ त्याच्याही खाली. सेन्सेइंसमोर (शिक्षकांसमोर) ते निघालं तर विनोद होणार नाही.

मोठ्यांचा सेइनेन मांगा एन-२ च्या आधी नको. त्यात फुरिगाना सहसा अवघड नावांपुरताच. फुरिगाना असला तर शब्द टाइप करून लगेच शोधता येतो. नसला तर कांजी बोटानं काढायची किंवा अवयवांवरून हुडकायची. एका पानाला अर्धा तास जाऊ शकतो.

विकत घेण्याआधी

ई-पुस्तकांच्या जपानी दुकानांत ‘तामेशियोमि’ म्हणजे फुकट नमुना वाचायचं बटण असतं. मधली कुठलीही तीन पानं वाचा आणि अनोळखी शब्द मोजा. पानाला पाचपर्यंत असतील तर शब्दकोशाशिवाय वाचा. दहाच्या आसपास असतील तर अभ्यासासाठी ठीक: आधी प्रकरण नुसतं वाचून काढा, मग पानाला फक्त पाच शब्द शोधा, मग मोठ्यानं वाचा. पंधराच्या वर गेले तर खंड सहा महिन्यांनी उघडा.

फोनवर फुरिगानातलं ‘बा’ आणि ‘पा’ वेगळं दिसत नाही. दहा इंची टॅबलेट लागतो. छापील घेत असाल तर ‘बुंको’ आवृत्ती स्वस्त दिसली तरी टाळा. ती ए-६ आकाराची असते आणि त्यातला फुरिगाना वाचायला भिंग लागतं.