‘अलाइन’ : अ‍ॅनालॉग लेआउटची मांडणी आपणहून करणारे सॉफ्टवेअर

डिजिटल चिपमधील लाखो गेट्सची मांडणी (लेआउट) संगणक कित्येक वर्षांपासून करत आला आहे. अ‍ॅनालॉगमध्ये मात्र मोजक्या ट्रान्झिस्टरांचा, संकेत मोठा करणारा ऑप-अ‍ॅम्पही बहुधा आजही हातानेच मांडला जातो. मिनेसोटा विद्यापीठ, टेक्सस ए अँड एम विद्यापीठ आणि इंटेल यांनी अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेच्या अर्थसाहाय्याने विकसित केलेले ‘अलाइन’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्पाइस नेटलिस्टपासून (सर्किटमधील भाग आणि त्यांच्या जोडण्यांची यादी) जीडीएस फाइलपर्यंतचा (चिपच्या मांडणीचा अंतिम आराखडा) सगळा प्रवास स्वतः करते.

सोबत मिळणाऱ्या नमुन्यांपैकी टेलिस्कोपिक ओटीए (ऑप-अ‍ॅम्पसारखाच एक अ‍ॅम्प्लिफायर) मी प्रथम चालवला. नेटलिस्टमधील डिफरन्शियल पेअर (दोन इनपुटांमधील फरक टिपणारी जोडी) आणि करंट मिरर (एका प्रवाहाची नक्कल करणारी रचना) हे सॉफ्टवेअर आधी ओळखते, त्यातील जुळे ट्रान्झिस्टर एकाच ब्लॉकमध्ये गुंफते आणि मगच ब्लॉकांच्या मांडणीकडे वळते. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण अनुभवी लेआउट इंजिनिअरही सर्किट याच नजरेने वाचतो. पुढे सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंगने ब्लॉकांची अदलाबदल होत राहते, क्षेत्रफळ आणि तारांची लांबी तपासली जाते, आणि एखाद्या बऱ्या उत्तरावरच अडकून पडू नये म्हणून सुरुवातीला थोडी वाईट मांडणीही स्वीकारली जाते.

खरे काम मात्र जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहायच्या अटींच्या फाइलमध्ये आहे. कोणते ब्लॉक सममित हवेत, कोणते एका रांगेत, कोणते एकत्र, हे तिथे सांगावे लागते. पूर्वी एका नोकरीत आमच्या अ‍ॅम्प्लिफायरचे डीआरसी (मांडणीच्या नियमांची तपासणी) आणि एलव्हीएस (मांडणी मूळ सर्किटशी जुळते का याची तपासणी) दोन्ही निर्दोष असूनही ऑफसेट (दोन्ही इनपुट समान असतानाही राहणारी चूक) वाढला होता, कारण इनपुट जोडीतील एक ट्रान्झिस्टर तापणाऱ्या आउटपुट स्टेजच्या अधिक जवळ आला होता. केवळ क्षेत्रफळ आणि तारा मोजणाऱ्या कोणत्याही मांडणीला ही उष्णता दिसणार नाही; आउटपुट स्टेज सममितीच्या अक्षावर ठेवण्याची अट माणसालाच लिहावी लागेल. आजवर ज्येष्ठांच्या डोक्यात राहिलेले असे ज्ञान या फाइलमुळे कागदावर येते आणि नवशिक्याला वाचता येते, म्हणून मी हे सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी आवर्जून सुचवेन.

सोबतचे १४ नॅनोमीटरचे पीडीके (चिप बनवण्याच्या प्रक्रियेचे नियम आणि माहितीचा संच) काल्पनिक असल्याने त्यावर चिप बनवता येत नाही. त्यासाठी स्कायवॉटर या चिपनिर्मिती कंपनीच्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेचे वेगळे पीडीके घ्यावे. ओटीए आणि कम्पॅरेटरची (दोन व्होल्टेजची तुलना करणारे सर्किट) पहिली मांडणी मी यापुढे ‘अलाइन’कडूनच करून घेईन, परंतु पोस्ट-लेआउट सिम्युलेशन (तयार मांडणीतील तारांचे परिणाम धरून केलेली संगणकी चाचणी) केल्याशिवाय ती पुढे पाठवणार नाही.