पेल्टिअरसाठी घेतलेला करंट कंट्रोल बोर्ड: मीटरवर ३ अँपियर बरोबर, तरी प्लेट गार होईना

पेल्टिअरला, म्हणजे करंट दिला की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या प्लेटला, ठरलेला करंट देणारा हा बोर्ड घेऊन दीड महिना झाला, त्यातले तीन आठवडे फक्त बिघाड शोधण्यात गेले, म्हणून सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कोणाचा तेवढा वेळ वाचावा. बोर्ड साधाच आहे, एलएम३५८ ऑप-अँप (दोन व्होल्टेजमधला फरक बघून आउटपुट वरखाली करणारी चिप), एक आयआरएफझेड४४एन मॉसफेट (करंट कमीजास्त सोडणारा पार्ट), ०.१ ओहमचा ५ वॅटचा सेन्स रेझिस्टर (त्याच्यावरच्या व्होल्टेजवरून करंट कळतो) आणि करंट सेट करायला पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर. मी त्यावर टीईसी१-१२७०६ पेल्टिअर लावलाय, १२ व्होल्ट सप्लाय, करंट ३ अँपियर. हा पेल्टिअर कमाल ६ अँपियरचा असला तरी तिथपर्यंत न्यायचा नसतो, कारण गारवा करंटच्या प्रमाणात वाढतो आणि आतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, मग एका मर्यादेनंतर करंट वाढवला की प्लेट उलट गरम व्हायला लागते.

पहिल्याच दिवशी गडबड दिसली. मीटरवर ३ अँपियर अगदी स्थिर, फॅन चालू, हीटसिंक मोठा, पेस्ट नीट लावलेली, आणि गार बाजू १४ अंशावर येऊन अडकली ती अडकलीच. सेलरला विचारलं तर म्हणाले पेल्टिअर खराब असेल, बदलून बघा. बदलला, तेच. परत नवीन आणला, तेच! तेव्हा खरंच खूप राग आला होता, कारण दोन चांगले पेल्टिअर उगाच बाजूला पडले.

मग पेल्टिअर काढून त्याच्या जागी २ ओहमचा ५० वॅटचा रेझिस्टर लावला, हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पेल्टिअर साध्या मीटरवर ओहममध्ये मोजता येत नाही, दोन बाजूंत जरा जरी तापमानाचा फरक असला तरी तो स्वतःच व्होल्टेज तयार करतो आणि रीडिंग वाट्टेल ते येतं, रेझिस्टरला ती भानगड नाही. सेन्स रेझिस्टरच्या दोन टोकांवर स्कोप (व्होल्टेज कसं बदलतं त्याची रेघ दाखवणारं यंत्र) लावला आणि बघतच राहिलो. ३०० मिलिव्होल्टची सरळ रेघ दिसायला हवी होती, तिथे ५० ते ५५० मिलिव्होल्ट अशी लाट, साधारण ४० किलोहर्ट्झची. म्हणजे करंट अर्ध्या अँपियरपासून साडेपाचपर्यंत वरखाली होत होता आणि मीटर बिचारा त्याची सरासरी ३ दाखवत होता. सरासरी ३ असली तरी उष्णता वर्गावर ठरते, त्यामुळे पेल्टिअरमध्ये जिथे १८ वॅट तयार व्हायचे तिथे २४ च्या आसपास होत होते, आणि त्यातले निम्मे गार बाजूलाच जातात. म्हणून १४ अंश.

कारण असं की ऑप-अँपचा आउटपुट थेट मॉसफेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालवणाऱ्या पिनला जोडलाय. गेट म्हणजे ऑप-अँपसाठी दीड-दोन नॅनोफॅराडचा कपॅसिटर, एलएम३५८ ला तो झेपत नाही, करंट मोजून सुधारत राहायचं चक्र, म्हणजे लूप, डोलायला लागतो. गेटकडे जाणाऱ्या ट्रॅकला (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीला) छेद देऊन १०० ओहमचा रेझिस्टर टाकला, सेन्स रेझिस्टर ते ऑप-अँपची इन्व्हर्टिंग (उणे) पिन यामध्ये १ किलोओहम, आणि ऑप-अँपच्या आउटपुटपासून त्याच पिनला १ नॅनोफॅराडचा कपॅसिटर. लाट गायब. पेल्टिअर परत लावला, तर काही वेळात गार बाजू ७ अंशावर, आणि तेही आधी खराब समजून बाजूला ठेवलेला पहिलाच पेल्टिअर!

अजून एक चूक आहे ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्ट धरायच्या जागेची. पॉटचं ग्राउंड सेन्स रेझिस्टरपाशी न घेता लांब टर्मिनलपाशी घेतलंय, मधल्या २ मिलिमीटर रुंद ट्रॅकचे ५ मिलिओहम मोजणीत मिसळतात, त्यामुळे पॉटवर ३ लावलं की खरे २.८५ च येतात. मी पॉट फिरवून भरून काढत होतो, आता बारीक वायर थेट रेझिस्टरच्या पायापासून आणलीये. एलएम३५८ चा ऑफसेट (दोन इनपुटची तुलना करतानाची अंगभूत चूक) ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, म्हणजे ७० मिलिअँपियरची चूक, ती मी सोडून दिली, गार करायच्या कामात तेवढ्याने काही बिघडत नाही.

मॉसफेटवरचा हीटसिंक लहान आहे, बदलाच. १२ व्होल्टपैकी पेल्टिअर साडेसातच्या आसपास घेतो, उरलेले चार-सव्वाचार मॉसफेटवर पडतात, ३ अँपियरला ते १२-१३ वॅट झाले, बोट ठेववत नाही. सप्लाय ९ व्होल्ट केला तर हेच चार वॅटच्या आत येतं, मी तसंच केलंय.

बाकी माल चांगला आहे हे मनापासून सांगतो, तांबं जाड, टर्मिनल घट्ट, सेन्स रेझिस्टर तापून वाहवत नाही. ५ पैकी ३ स्टार. स्कोप आणि सोल्डरिंगचा हात असेल तर घ्या, पहिल्यांदाच पेल्टिअर चालवणार असाल तर हा नको, सोबत सर्किटचा नकाशासुद्धा देत नाहीत.

काल खात्रीसाठी तो १ नॅनोफॅराड काढून बघितला, लगेच स्कोपवर लाट आली, परत बसवला, गेली. दोन्ही वेळचे फोटो सेलरला पाठवलेत आणि पुढच्या बोर्डात त्या तीन पार्टसाठी जागा ठेवा एवढंच मागितलंय.