अमेरिकेतल्या म्युझिक कॉलेजांची स्कॉलरशिप अपील : खिडक्या दोन, कागद वेगळे

अमेरिकेतल्या संगीत महाविद्यालयांत ऑडिशन्स जानेवारी-फेब्रुवारीत होतात, अ‍ॅवॉर्ड लेटर (किती मदत मिळणार हे कळवणारं पत्र) मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत येतं आणि पदवीच्या प्रवेशासाठी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. मधल्या चार-पाच आठवड्यांत ‘स्कॉलरशिप थोडी वाढवून मिळेल का’ हे विचारता येतं, यालाच अपील म्हणतात. ही सोय जवळजवळ सगळीकडे आहे, तिला पैसे पडत नाहीत, आणि नीट शब्दांत विचारल्याबद्दल हातातली ऑफर काढून घेण्याची पद्धत नाही. तरीही या सोयीला पूर्ण गुण देता येत नाहीत. ती नेमकी कुठे आणि कशी चालते हे कॉलेजं स्वतःहून फारसं सांगत नाहीत, आणि चुकीच्या दारावर गेलेला चांगला अर्जही वाया जातो.

दारं दोन आहेत. एक म्युझिक स्कूलचं, जिथून ऑडिशनच्या जोरावर टॅलेंट स्कॉलरशिप मिळते. दुसरं फायनान्शियल एड ऑफिसचं, जिथे घरची आर्थिक परिस्थिती पाहून ग्रँट (परत न फेडायची मदत) ठरते. दोघांच्या तिजोऱ्या वेगळ्या, नियम वेगळे, सही करणारी माणसंही वेगळी. ‘वडिलांची नोकरी गेली आणि मुलगी फार छान वाजवते’ असं एकच पत्र दोन्हीकडे पाठवलं, तर एड ऑफिसला त्यातल्या वाजवण्याचा उपयोग नसतो आणि म्युझिक स्कूलला नोकरीचा. मग दोघंही नम्रपणे नाही म्हणतात. जिथे दोन्ही निकष एकत्र लावून रक्कम ठरते, जसं न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड स्कूलला, तिथेसुद्धा कागद दोन वेगळे ठेवलेले बरे.

आधी म्युझिकची खिडकी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. इथला निर्णय फक्त ‘किती चांगलं वाजवलं’ यावर होत नाही. पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रात, बँडमध्ये कोणत्या खुर्च्या रिकाम्या होणार, यावरही तो होतो. दोन बॅसूनवाले पदवी घेऊन बाहेर पडणार असतील आणि अर्जात बॅसूनचे चांगले विद्यार्थी दोनच असतील, तर त्या दोघांसाठी पैसे निघतात. ओबो, बॅसून, व्हायोला, डबल बास, ट्युबा यांची चणचण अनेक ठिकाणी असते. बासरी, पियानो, सोप्रानो यांना मात्र रांग असते, आणि तिथे उत्तम ऑडिशन देऊनही हात आखडता घेतला जातो. म्हणून मित्राला किती मिळाले याची तुलना वाद्य वेगळं असेल तर निरर्थक ठरते.

या खिडकीवर विद्यार्थ्याने स्वतः लिहावं, आईवडिलांनी नाही. पत्र जावं म्युझिक अ‍ॅडमिशन्सच्या प्रमुखाकडे. ज्या गुरूंच्या स्टुडिओत जायचं आहे त्यांना वेगळी चार ओळींची मेल करावी : तुमच्याकडेच शिकायचं आहे, पैशाचं अंतर आहे, अ‍ॅडमिशन्सला लिहिलं आहे. गुरू सहसा चेकवर सही करत नाहीत, पण ‘हा विद्यार्थी मला हवा आहे’ असं ते आत जाऊन सांगू शकतात, आणि त्या शब्दाला मोठं वजन असतं. मात्र त्यांच्याशी आकड्यांची घासाघीस करू नये. पुढची चार वर्षं दर आठवड्याला त्यांच्यासमोर बसायचं आहे.

पत्र एका पानाच्या आत बसवावं. आधी आभार आणि ही शाळा का हवी, याचं एक खरंखुरं कारण : अमुक गुरू, अमुक चेंबर म्युझिक कार्यक्रम. मग दोन ऑफरमधलं पैशाचं अंतर, नेमक्या आकड्यात. मग दुसऱ्या कॉलेजचं अ‍ॅवॉर्ड लेटर पीडीएफ म्हणून जोडलेलं. ऑडिशननंतर काही नवीन घडलं असेल, स्पर्धेचा निकाल किंवा राज्यस्तरीय ऑर्केस्ट्रात निवड, तर तेही. शेवटी, हे अंतर भरून निघालं तर होकार देईन, असं लिहिता येतं. पण मनात खरोखर तसं असेल तरच. न आलेली ऑफर आहे असं भासवणं तर अजिबात नको. म्युझिक स्कूल्सचं जग लहान आहे, लेटर मागितलं जातं, आणि ते दाखवता आलं नाही की गोष्ट तिथेच संपते. तुलनाही बरोबरीच्या शाळेशी करावी. जिथे ऑडिशन नावापुरती असते अशा कॉलेजची मोठी स्कॉलरशिप नामांकित कॉन्झर्व्हेटरीपुढे (प्रामुख्याने संगीत शिकवणाऱ्या शाळेपुढे) ठेवली, तर तिचा परिणाम शून्य.

आकडा काढताना अ‍ॅवॉर्ड लेटर जसं छापलंय तसं वाचू नका. समजा, एका खासगी कॉन्झर्व्हेटरीचा वर्षाचा एकूण खर्च ७८,००० डॉलर. लेटरमध्ये टॅलेंट स्कॉलरशिप २२,०००, ग्रँट ८,०००, फेडरल लोन ५,५०० आणि वर्क-स्टडी २,५००, आणि खाली ठळक अक्षरांत ‘एकूण मदत ३८,०००’. यातलं लोन फेडायचं आहे आणि वर्क-स्टडीचे पैसे तासांवर काम करून कमवायचे आहेत. खरी मदत ३०,०००. म्हणजे घरावरचा भार ४८,०००, लेटर वाचून वाटतो तसा ४०,००० नाही. आता दुसरीकडे सरकारी विद्यापीठ : खर्च ५२,०००, स्कॉलरशिप १२,०००, भार ४०,०००. अंतर वर्षाला ८,०००, चार वर्षांत ३२,०००. पत्रात मागायचा आकडा हा ८,०००. स्कॉलरशिपची रक्कम स्कॉलरशिपशी ताडून पाहिली तर पहिली शाळा १०,००० ने उदार दिसते, आणि इथेच बरीच घरं फसतात.

एकूण खर्चाच्या रकान्यात संगीताचे म्हणून काही खर्च दिसतच नाहीत : साथीदार पियानिस्टची फी, वाद्याचा विमा, रीड (ओबो-बॅसूनसारख्या वाद्यांची फुंकायची पट्टी), तारा, काही ठिकाणी वैयक्तिक तालमीची वेगळी फी. अपील करण्याआधी ही यादी म्युझिक ऑफिसकडून मागून घ्यावी. ओबोवाल्याच्या घरी रीडचा खर्च म्हणजे काय ते विचारून पाहा.

दुसरी खिडकी एड ऑफिसची. इथला पाया आहे फाफ्सा हा फेडरल अर्ज, आणि बऱ्याच खासगी शाळांत त्याबरोबर कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल. या अर्जांत दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरलं जातं. मधल्या काळात नोकरी गेली, घटस्फोट झाला, दवाखान्याचा मोठा खर्च आला, आजी-आजोबांची जबाबदारी वाढली, तर जुने आकडे आजचं चित्र दाखवत नाहीत. अशा वेळी एड ऑफिसरला माहितीत बदल करण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात, आणि नव्या नियमांनुसार असे सगळेच अर्ज सरसकट फेटाळायचं धोरण कॉलेजला ठेवता येत नाही. ही खिडकी शिस्तीची आहे. बऱ्याच ठिकाणी ठरलेला फॉर्म असतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उत्तर येतं. इथे पालकांनी लिहिलेलं चालतं. भावना कमी आणि कागद जास्त लागतात : नोकरी संपल्याचं पत्र, शेवटची पे-स्लिप, बेरोजगारी भत्त्याची नोंद, विम्याने न भरलेली बिलं, चालू वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज. ‘आमच्या भागात महागाई फार आहे’ किंवा ‘घराचे हप्ते जड जातात’ यावर सहसा काही हलत नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याला फाफ्सा भरता येत नाही, त्यामुळे फेडरल ग्रँट, लोन, वर्क-स्टडी यांचा प्रश्नच नाही. त्याच्यासाठी म्युझिकची खिडकीच मुख्य. त्याने अपील जरा आधीच करावं, कारण आय-२० या, व्हिसासाठी कॉलेजकडून मिळणाऱ्या कागदासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते आणि वाढलेली स्कॉलरशिप त्यात धरली गेली तर बँकेत दाखवायची रक्कम तेवढी कमी होते. आणखी एक : ट्यूशन आणि सक्तीच्या फीसाठी वापरलेल्या स्कॉलरशिपवर कर नसतो, पण राहण्या-जेवणासाठी वापरलेला भाग करपात्र असतो आणि एफ-१ वाल्यांच्या त्या भागातून साधारणपणे १४ टक्के कापून घेतले जातात. वाढ ‘ट्यूशनसाठी’ आहे की ‘हाउसिंगसाठी’, हे विचारायला विसरू नका.

टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांचा उल्लेख वेगळा करायला हवा. तिथे किमान १,००० डॉलरची स्पर्धेतून मिळालेली स्कॉलरशिप असलेल्या बाहेरच्या राज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला राज्यातल्या रहिवाशांच्या दराने ट्यूशन लावता येते. अशा सवलतींच्या संख्येवर मर्यादा आहे, म्हणून ती आपोआप मिळेल असं धरू नये. पण कुणाला ८०० डॉलर मिळाले असतील, तर वरचे २०० मागणं हे या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत किफायतशीर अपील आहे. ट्यूशनमधला फरक वर्षाला हजारो डॉलरचा असतो. इतर राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांतही स्कॉलरशिपबरोबर बाहेरच्यांचा जादा दर माफ होतो का, हे रक्कम मागण्याआधी विचारावं.

काही ठिकाणी अपील करण्यात अर्थच नाही. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिकमध्ये १९२८ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला पूर्ण ट्यूशन स्कॉलरशिप आहे. लॉस एंजेलिसच्या कोलबर्न कॉन्झर्व्हेटरीत आणि पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या येल स्कूल ऑफ म्युझिकमध्येही ट्यूशन भरावी लागत नाही. तिथे बोलणं झालंच तर राहण्याच्या खर्चाबद्दल. आयव्ही लीगच्या (हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे) कॉलेजांत पदवीसाठी गुणवत्तेवर स्कॉलरशिप दिली जात नाही, त्यामुळे वाजवणं कितीही उत्तम असलं तरी फक्त एड ऑफिसची खिडकी उघडी असते. आणि ज्यांनी अर्ली डिसिजनने लवकर अर्ज करून ‘प्रवेश मिळाला तर इथेच येईन’ असा शब्द दिला आहे, त्यांच्या हातात तुलनेला दुसरी ऑफरच नसते. पैशाची अडचण होणार हे माहीत असेल तर तो मार्ग धरू नये.

पदव्युत्तर प्रवेशाचा हिशेब निराळा आहे. तिथे स्कॉलरशिपपेक्षा असिस्टंटशिप मागावी, म्हणजे विभागातल्या कामाच्या बदल्यात ट्यूशनमध्ये सूट आणि वर स्टायपेंड (मानधन). अनेक विद्यापीठांत उत्तराची तारीख १५ एप्रिल असते.

वेळेबद्दल आमचं मत ठाम आहे : सगळी लेटर्स हातात आली की आठवड्याच्या आत पत्र जायला हवं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तिजोरीत काहीतरी शिल्लक असतं, आणि दुसऱ्यांनी नाकारलेले पैसे परत येऊ लागलेले असतात. २८ एप्रिलला लिहिलेल्या पत्राचं उत्तर १ मेच्या आत येईलच असं नाही. डिपॉझिट (प्रवेश पक्का करण्याची रक्कम) भरून मग अपील करणं ही सर्वांत महाग चूक. होकार दिल्यावर म्युझिक स्कूलला वाढवून देण्याचं कारण उरत नाही. उत्तर नाही आलं, तर आठवड्याने एक आठवण पुरे. आलेलं उत्तर ‘नाही’ असेल, तर एवढंच विचारावं की १ मेनंतर पैसे मोकळे झाले तर नाव विचारात घ्याल का. पुन्हा पुन्हा लिहून काही मिळत नाही.

किती वाढ मिळते? बहुतेक वेळा वर्षाला काही हजार डॉलर. अर्ध्या फीची स्कॉलरशिप अपीलने पूर्ण फीची होईल, ही आशा धरू नये. म्हणूनच भरमसाट फी घेऊन हे पत्र लिहून देणाऱ्या सल्लागारांकडे जावं असं आम्हाला वाटत नाही. जे पान विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांत असायला हवं, ते विकत घेतलेलं वाचणाऱ्याला लगेच कळतं.

वाढ मिळाली की सुधारित अ‍ॅवॉर्ड लेटर लेखी मागा, फोनवरच्या शब्दावर डिपॉझिट भरू नका. त्यात वाढलेली रक्कम एकाच वर्षासाठी आहे की आठ सेमिस्टर, हे तपासा. किमान जीपीए (गुणांची सरासरी) किती, कोणत्या एन्सेंबलमध्ये (वादकांच्या समूहात) वाजवावं लागेल, मेजर (मुख्य विषय) बदलला तर काय, बाहेरून दुसरी स्कॉलरशिप आणली तर ही कमी करणार का, हेही पाहा. रक्कम ठरावीक डॉलरमध्ये असेल तर फीवाढीचा हिशेब आपला आपण करायचा : ५०,००० ची ट्यूशन दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढली तर चौथ्या वर्षी ती ५६,२४३ होते, आणि चार वर्षांत मिळून १२,३२३ डॉलर जादा जातात. पहिल्या वर्षी मिळवलेली ३,००० ची वाढ चारही वर्षं टिकली, तर ती १२,००० होते आणि जवळजवळ एवढाच खड्डा भरून काढते.