ओळीतले बारीक हिरे: फ्लुरोसन्स असलेले घ्यावेत की नसलेले?

अर्ध्या वेढ्यात बारीक हिऱ्यांची ओळ असलेल्या दोन अंगठ्या समोर ठेवलेल्या आहेत. दोन्हींत दोन-दोन सेंटचे, म्हणजे साधारण १.७ मिलिमीटर व्यासाचे हिरे आहेत, रंग आणि शुद्धता जवळपास सारखीच आहे, आणि फरक एवढाच की एकीतले हिरे अतिनील प्रकाशात निळे उजळतात (यालाच फ्लुरोसन्स म्हणतात) व दुसरीतले उजळत नाहीत. अशा वेळी कोणती उचलावी हा प्रश्न मला दोनदा सोडवावा लागला. पहिल्यांदा मी उजळणारी घेतली आणि दुसऱ्यांदा न उजळणारी.

उजळणाऱ्या हिऱ्यांवर जो सरसकट आक्षेप घेतला जातो, तो मला अजूनही पटत नाही. फ्लुरोसन्समुळे हिरा दुधाळ दिसतो असे सांगितले जाते. पण जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, या संस्थेच्या अनुभवानुसार तिच्याकडे आलेल्या फ्लुरोसन्ट हिऱ्यांपैकी ०.२ टक्क्यांपेक्षाही कमी हिऱ्यांत असा धुरकटपणा आढळतो. सुमारे २५ ते ३५ टक्के हिऱ्यांत थोडाफार फ्लुरोसन्स असतोच, आणि त्यांतल्या बहुतेकांचा तो निळा असतो. हिऱ्याच्या स्फटिकात एका रिकाम्या जागेभोवती नायट्रोजनचे तीन अणू आले की हा निळा उजेड निर्माण होतो. पांढऱ्या कपड्याला नीळ दिल्यावर त्याचा पिवळेपणा मरतो, तसेच काहीसे इथे घडते. आय किंवा जे रंगाचा, म्हणजे किंचित पिवळसर झाक असलेला, हिरा दिवसाच्या उजेडात एखाद्या पायरीने पांढरा भासू शकतो. मी पहिली अंगठी घेतली ती याच हिशेबाने, आणि पहिली दोन वर्षे तो हिशेब चुकला असे वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

मग ओळीतला सातवा हिरा पडला.

बारीक हिऱ्यांना प्रत्येकी प्रमाणपत्र नसते. ते चाळणीने आकारावर आणि नजरेने रंगावर निवडले जातात, आणि पुडीतून कोणता हिरा कोणाशेजारी बसेल याचा विचार करताना फ्लुरोसन्स बहुधा कोणी पाहत नाही. कारागिराने बसवलेला नवा हिरा दुकानातल्या दिव्याखाली इतका बेमालूम दिसला की मी समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी उभ्या असलेल्या पत्नीने हात पुढे करून विचारले, “अहो, हा मधला काचेचा तर नाही ना बसवला त्यांनी?” हिरा काचेचा नव्हता. मात्र आजूबाजूचे हिरे खिडकीच्या उजेडात गोरे झाले होते आणि हा बिचारा आपल्या मूळ, किंचित पिवळसर रंगावरच राहिला होता. रात्री घरातल्या एलईडीखाली, ज्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच, ओळ पुन्हा एकसारखी दिसू लागे.

सराफाने ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी लावली तेव्हा सारे उघड झाले. काही हिरे गडद निळे, काही फिकट, दोन जांभळटसर, आणि सातवा हिरा पडलेल्या दातासारखा काळा. तो बदलून दिला गेला, पण त्याच्या जागी आलेला हिरा इतका जोरात उजळणारा होता की आता तोच वेगळा दिसू लागला. तिसऱ्या फेरीनंतर मी नाद सोडला. सामान्य नजरेला हा फरक कळत नाही असे जीआयएचा १९९७ चा अभ्यास सांगतो, आणि पत्नीने बोट ठेवले नसते तर कदाचित मलाही तो कळला नसता. पण एकदा दिसल्यावर नजर दर वेळी तिथेच जाऊ लागली.

त्या तीन फेऱ्यांत माझ्या लक्षात आले ते असे की फ्लुरोसन्स नसण्याची पायरी एकच असते, तर असण्याच्या फेंट, मीडियम, स्ट्राँग आणि व्हेरी स्ट्राँग अशा चार, शिवाय रंगाच्या छटा निराळ्याच. कधी ना कधी खडा पडणारच अशा दागिन्यात हा फरक मला निर्णायक वाटतो.

न उजळणाऱ्या ओळीची एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. नैसर्गिक हिऱ्यांची ओळ अतिनील प्रकाशात सहसा कमीअधिक उजळते, त्यामुळे सगळीच ओळ काळी राहिली तर हिरे प्रयोगशाळेत तयार केलेले असावेत अशी शंका येणे रास्त आहे. प्रयोगशाळेतले हिरे उजळलेच तर बहुधा २५४ नॅनोमीटरच्या लघुलहरी किरणांत जास्त उजळतात आणि नैसर्गिक हिऱ्यांत साधारणपणे उलट असते, पण या खुणेवर विसंबू नये. तपासणी यंत्रातून अंगठी काढून द्यावी असा आग्रह धरावा. दुसऱ्या खरेदीच्या वेळी मी तो धरला होता, आणि त्यासाठी दोन दिवस थांबावे लागले.

कानातल्या एकेका खड्याच्या टॉप्सच्या जोडीत, विशेषतः रंग जे किंवा के असेल तर, मी आजही निळा फ्लुरोसन्स आनंदाने घेईन, कारण दोनच हिरे जुळवायचे असतात आणि दोघांमध्ये चेहऱ्याएवढे अंतर असते. पिवळा उजळणारा हिरा मात्र कुठेच घेणार नाही, कारण तो मूळ झाक आणखी वाढवतो. ओळीच्या दागिन्यात उजळणारेच हिरे आवडले असतील, तर दुकानातला दिवा बंद करायला लावून सगळी ओळ बॅटरीखाली पाहावी आणि ती एकसारखी दिसली तरच घ्यावी.

दुसऱ्या अंगठीतलाही एक हिरा गेल्या वर्षी पडला आणि एकाच फेरीत बसवून झाला. तो कितवा होता, हे आज अंगठी खिडकीत धरूनही मला सांगता येत नाही.