गच्चीचे ॲल्युमिनियमचे खांब आणि डांबरी रंग : ११ महिन्यांनंतर

आमचं घर गुहागरला, समुद्राच्या अगदी जवळ. लोखंड टिकत नाही म्हणून गच्चीच्या कठड्यात ॲल्युमिनियमचे खांब पुरले होते. तिसऱ्या वर्षी बुंध्याशी उभ्या चिरा गेल्या. फोडून पाहिलं तर आत पांढरा भुगा, आणि पाइप इतका खाल्लेला की स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. एक खांब तर थेट काँक्रीटमधल्या लोखंडी सळईला टेकलेला.

फॅब्रिकेटरचं म्हणणं, "पावडर कोटिंग आहे की!" आहे, पण कापलेलं टोक आणि पाइपाची आतली बाजू उघडीच होती. ओल्या सिमेंटचा सामू (पीएच) १२.५ च्या वर असतो, म्हणजे ते फार अल्कधर्मी. त्यात ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा विरघळतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. (एएसी ब्लॉक, म्हणजे बांधकामाचे हलके सच्छिद्र ब्लॉक, ॲल्युमिनियमच्या पावडरीने फुगवतात ते याच करामतीवर.) काँक्रीट सुकलं की हे थंडावतं. पण आमच्याकडे खारं वारं, चार महिने पाऊस, वर सळईचा स्पर्श. ओलाव्यात दोन धातू टेकले की त्यात ॲल्युमिनियमच झिजतं. आणि तो भुगा मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून चिरा.

गेल्या एप्रिलात नवे खांब बसवले. पुरायचा भाग थिनरने पुसून बिटुमिनस पेंटचे (डांबरी रंगाचे) दोन हात, मध्ये एक दिवस वाळवण. टोक डब्यात बुडवूनच काढलं, म्हणजे आतूनही रंग बसला. रंग काँक्रीटच्या वर इंचभर घेतला, कारण खरी झीज तिथेच सुरू होते. सळई कुठे लागणार नाही हे गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून पाहिलं. भरावात लवकर सुकवणारं क्लोराइडचं औषध घालू दिलं नाही. बुंध्याला बाहेरच्या बाजूने उतार, आणि पाइपात शिरलेलं पाणी निघावं म्हणून उताराच्या जरा वर बारीक भोक.

पावसाळा काढला. ११ पैकी १० खांबांना चीर नाही, हलवून पाहिलं तरी हूं नाही. अकराव्याचा रंग खड्ड्यात सरकवताना खरवडला होता, मी "असू दे" म्हटलं. तिथे आता नखाएवढा पांढरा डाग आहे.

तक्रारी : मे महिन्यात इंचभर उघडा रंग चिकट झाला, नातवाच्या पांढऱ्या चड्डीवर उठलेला डाग रॉकेलनेही गेला नाही. बुंध्याशी लावलेलं सीलंट दोन ठिकाणी सुटलंय, ते दरवर्षी पाहावं लागणार. खर्च मात्र किरकोळ. खांब उपटून कठडा पुन्हा बांधायला जे गेलं, त्यापुढे रंगाचा डबा म्हणजे काहीच नाही.

पहिल्या खेपेला चीर तिसऱ्या वर्षी दिसली होती, त्यामुळे पूर्ण गुण आत्ताच देत नाही. अकरावा खांब दिवाळीनंतर उकरणार आहे.