रत्नागिरीत ग्राफिक कार्ड रिपेअरिंग: रेंडर मधेच पडत असेल तर आधी ह्या काकांना दाखवा

ज्यांचं कार्ड गेम खेळताना मस्त चालतं आणि रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून चित्रं बनवणं) किंवा एआयचं ट्रेनिंग लावलं की अर्ध्या-पाऊण तासात बंद पडतं, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय. माझे ह्यात दोन महिने गेले आणि शेवटी काम झालं ते मारुती मंदिरपासून चालत पाच मिनिटांवरच्या ह्या दुकानात. बाहेरून बघितलंत तर प्रिंटरचे टोनर आणि सीसीटीव्हीचंच दुकान वाटेल, मीपण तसंच समजून वर्षभर पुढून गेलो.

माझं काम बंगले आणि होमस्टेचे थ्रीडी व्ह्यू करून द्यायचं, गुहागर, दापोली, गणपतीपुळे ह्या बाजूची पार्टी असते. ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतो सगळं, आणि वॉकथ्रू (घरातून फिरल्यासारखा व्हिडिओ) म्हटलं की हजार-बाराशे फ्रेम रात्रंदिवस लावून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एनव्हिडियाचं सेकंडहँड आरटीएक्स ३०९० कार्ड घेतलं, २४ जीबी मेमरी, मोठा सीन अख्खा मावतो म्हणून. पहिले तीन महिने काही त्रास नाही. मग एप्रिलात सुरू झालं. रात्री अकराला रेंडर लावून झोपायचं आणि सकाळी बघावं तर नवव्या-दहाव्या फ्रेमला थांबलेलं. कधी ब्लेंडर 'इल्लीगल अ‍ॅड्रेस' असा एरर देऊन थांबायचं, कधी स्क्रीन काळी होऊन पंखे पूर्ण जोरात फिरत बसायचे आणि बटण दाबून बंद केल्याशिवाय काही हलायचं नाही.

नेटवर जे जे सापडलं ते सगळं केलं. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन मुळापासून काढला, नवा टाकला, मग जुना व्हर्जन टाकला. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ४१०१ नंबर दिसत होता, म्हणजे ड्रायव्हरने उत्तर देणं बंद केलं आणि विंडोजने तो परत चालू केला. त्यावर सगळे सांगतात की रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) टीडीआर डिले वाढवा. विंडोज मुळात कार्डाची २ सेकंद वाट बघतं आणि मग रीसेट करतं, मी ते ६० केलं. फरक एवढाच पडला की आधी दोन सेकंदात पडायचं ते आता मिनिटभर गोठून मग पडायला लागलं. एखादं काम खरंच लांबतंय म्हणून विंडोज घाई करत असेल तर ही सेटिंग उपयोगाची आहे, पण कार्डच गप्प झालं असेल तर नुसती वाट बघून ते काय बोलणार.

मग घाटावर एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिसवाल्यांकडे कुरिअरने पाठवलं, नाव लिहीत नाही. आठ दिवस ठेवलं, दहा मिनिटांची बेंचमार्क (वेगाची चाचणी) चालवली, 'कार्ड ओके' असा शेरा मारून तपासणीचे पैसे घेऊन परत पाठवलं. माझ्या फोन करून सांगण्याला, चिठ्ठीत लिहून देण्याला काही किंमतच नाही. जो आजार पाऊण तासाने येतो तो दहा मिनिटांत कसा दिसेल?

आता ह्या दुकानाबद्दल. काका साधारण पन्नाशीचे, आणि त्यांच्याकडे एक मुलगी काम करते जी मायक्रोस्कोपखाली सोल्डरिंग करते, तिचा हात बघण्यासारखा आहे. मी नुसतं कार्ड पिशवीत घालून घेऊन गेलो तर काकांनी ते हातातच घेतलं नाही. म्हणाले, "कार्ड नको, अख्खी मशीन आण, घरी जी केबल लावतोस ती पण आण. आणि पडतं तेव्हा काय काय चालू असतं ते लिहून आण." मी घरी परत जाऊन रिक्षातून सगळं घेऊन आलो. मशीन टेबलावर ठेवल्यावर पहिली पंधरा मिनिटं तर त्यांनी नुसते प्रश्न विचारले. घर कुठे, मशीन खिडकीजवळ आहे का, कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात का. मी मांडवीला राहतो, टेबल पश्चिमेच्या खिडकीला, आणि हो, अनवाणी असलो की कॅबिनेटला झिणझिण्या येतात, मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी येत असतील.

त्यांनी माझी विंडोज चालूच केली नाही. स्वतःकडची एसएसडी डिस्क लावली, तीत लिनक्स (विंडोजऐवजीची दुसरी सिस्टीम) होतं, आणि माझाच सीन रेंडरला लावून दिला. सॉफ्टवेअरचा घोळ आहे का मशीनचा हे आधी वेगळं करायचं म्हणाले. दुसऱ्याच्या सिस्टीमवर, दुसऱ्या ड्रायव्हरवर, अडतिसाव्या मिनिटाला पडलं. दुकानात एवढा आनंद मला कधी झाला नसेल, कारण दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी ते पडताना बघितलं.

मग त्या मुलीने लॉग उघडून दाखवला. लिनक्समध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक बिघाडाला एक्सआयडी म्हणून नंबर देतो. त्या दिवशी तीन वेळा पाडलं त्यात दोनदा १३ आला आणि एकदा ७९. तिने समजावलं की १३ आणि ३१ हे बऱ्याचदा प्रोग्रॅमच्या चुकीने येतात, पण तोच प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर नीट चालत असेल तर मग कार्डावर, त्याच्या मेमरीवर संशय घ्यायचा. (दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर छोटं कार्ड लावून माझा सीन कमी टेक्स्चरवर (भिंती-फरशीची चित्रं हलकी करून) चालवूनही बघितला, तो संध्याकाळपर्यंत चालला.) ७९ म्हणजे मात्र कार्ड बसवरनंच (मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाटेवरनं) गायब, मदरबोर्डला ते दिसतच नाही. तिथे पॉवर, स्लॉट, हीट असं एकेक बघायचं. काका एवढंच म्हणाले, "हे एक दुखणं नाहीये, दोन आहेत. दोन्ही एकदम करायला गेलो तर कळणार नाही कशाने बरं झालं."

सगळ्यात जास्त पटलं ते हेच. त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलली, आणि प्रत्येक वेळी पुन्हा लोड लावून बसले.

पहिलं, कमांड देऊन कार्डाची पॉवर ३५० वॉटवरनं २५० वर आणली. तीन तास चाललं, पडलं नाही. म्हणजे कार्ड मेलेलं नाही, भार वाढला की कुठेतरी जड जातंय.

मग विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम लावून टेम्परेचर दाखवलं. मी इतके दिवस कोअरचंच (कार्डाच्या मुख्य चिपेचं) टेम्परेचर बघत होतो, ते ६८-७० आणि मी निवांत. मेमरीचा आकडा खाली वेगळा असतो, मेमरी जंक्शन, तो सात मिनिटांत ११० ला जाऊन चिकटला. त्या मेमरीची ती हद्दच आहे, तिथे पोचली की कार्ड स्वतःचा वेग कमी करायला लागतं. ३०९० मध्ये मेमरीच्या २४ चिपा आहेत, १२ पुढच्या बाजूला आणि १२ पाठीमागे, आणि पाठीमागच्यांना पंखा नाहीच, नुसती पत्र्याची पाठ. गेम मेमरीला सतत एवढं पिळत नाही, रेंडर पिळतो, तोही तासन् तास. तेव्हा नुसतं जीपीयू ७० दाखवतंय म्हणून खूश राहू नका, तो दुसरा आकडा बघा.

कार्ड माझ्यासमोर उघडलं. पाठचा पत्रा काढला तर आतले थर्मल पॅड (चिपेची उष्णता पत्र्याला पोचवणारे मऊ तुकडे) राखाडी, बोटाने दाबले की चुरा होत होता, आणि बोर्डावर भोवताली तेलाचा ओला डाग पसरलेला, जसा पापड ठेवलेल्या कागदावर पडतो तसा. दोन पॅड तर चिपेला टेकतच नव्हते, त्यांच्यावर चिपेचा ठसाच उमटला नव्हता. आधीच्या मालकाने कधीतरी उघडून चुकीच्या जाडीचे टाकले असणार. काकांनी कॅलिपरने जाडी मोजून, ठिकाणाप्रमाणे वेगवेगळे पॅड कापून लावले. जाड पॅड टाकला तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) उचलला जातो आणि कोअरला नीट बसत नाही, म्हणून घरी नुसतं ऑनलाईन बघून करू नका, मी स्वतः करणार होतो, बरं झालं नाही केलं.

पत्र्याच्या स्क्रूवर हिरवट बुरा होता, तो खाऱ्या हवेचा. स्लॉटमध्ये बसणारी कार्डाची सोनेरी पट्टी आयसोप्रोपिलने पुसली तर कापूस काळपट-हिरवा झाला. आपल्याकडे हे होतंच. माझी खिडकी समुद्राकडे आणि मशीन तिच्याखाली, म्हणजे आठवडाभरात टेबलावर हात फिरवला तर चिकट लागतं, तेच सगळं आत जात होतं. काकांनी सांगितलं की मशीन खिडकीपासून लांब हलव, पावसात महिना महिना बंद ठेवू नकोस, रोज तासभर तरी चालू कर म्हणजे आतला दमटपणा निघतो.

पॅड बदलल्यावर ३५० वॉटवर मेमरी ८८ ते ९२. दुसऱ्या दिवशी माझा सीन परत लावला. १३ नंबर पुन्हा आलाच नाही. पण दीड तासाने ७९ आला आणि स्क्रीन काळी. माझा चेहरा पडला, काका मात्र खूश, "बघ, एक गेलं, आता दुसरं एकटं सापडलं."

दुसरं होतं केबलमध्ये. माझा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) ८५० वॉटचा, चांगल्यातला, त्यात काही खोट नव्हती. चूक जोडण्यात होती. कार्डाला दोन ८-पिन लागतात आणि जोडून देणाऱ्याने एकाच वायरीला असलेली दोन तोंडं दोन्हीकडे खोचून दिली होती. एका ८-पिनवर १५० वॉट धरलेले असतात, स्लॉटमधून ७५ पर्यंत मिळतात, उरलेले पावणेतीनशे-तीनशे वॉट ती एकटी वायर ओढत होती, आणि ह्या कार्डाचे झटके क्षणभर त्याच्याही वर जातात. तोंड काढून दाखवलं तर एका पिनभोवतीचं काळं प्लास्टिक तपकिरी होऊन जरा वितळलेलं, वास येत होता. दोन स्वतंत्र केबल लावल्या, स्लॉटमध्ये कार्ड नीट बसवलं, आणि रात्रभर दुकानात चालू ठेवलं. सकाळी ११२ फ्रेम, एकही एरर नाही.

झिणझिण्यांबद्दल त्यांनी सरळ सांगितलं की कार्ड त्याच्यामुळेच पडतं असं मी म्हणणार नाही, पण अर्थिंग नाहीये म्हणून कॅबिनेटवर व्होल्टेज येतंय, ते आधी करून घे, माणसाला धोका आहे. वायरमन आणून बघितलं तर घराच्या अर्थिंगचा खड्डा कधीच कोरडा पडलेला. आपल्याकडे कातळात, चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंग मिळणं कठीणच, त्यात मे महिना. नवा खड्डा, कोळसा-मीठ, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं लक्षात ठेवायचं. झिणझिण्या बंद झाल्या.

बिल झालं २६०० रुपये, पॅड, पेस्ट, साफसफाई, केबल आणि चार दिवसांची मजुरी धरून. मी नवा एसएमपीएस घ्यायला तयार होतो, त्यांनी घेऊ दिला नाही. उलट जाताना सांगितलं की रात्रीच्या रेंडरला पॉवर २८० वर ठेव. घरी मोजून बघितलं, ३५० वर एक फ्रेम ४ मिनिटं १० सेकंदात होते, २८० वर ४ मिनिटं ३० सेकंदात, आणि खोलीतली गरमी, पंख्यांचा आवाज, लाईट बिल सगळंच कमी.

तक्रारी आहेत त्याही सांगतो. चार दिवस मशीन अडकते, घाई असेल तर दुसरी सोय करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर येत नाही, जाऊनच विचारावं लागतं. दुपारी एक ते चार बंद. आणि चिप बदलायचं काम निघालं तर ते बाहेर पाठवतात, तसं आधीच सांगतात.

काम द्यायला जाल तेव्हा तुमचा खरा सीन किंवा खरं काम पेनड्राईव्हवर घेऊन जा, जे चालवल्यावर पडतं तेच. माझा वॉकथ्रू गेल्या शनिवारी पूर्ण झाला, १,१४० फ्रेम, चार रात्री आणि मधले तीन दिवस सलग, आणि गुहागरच्या पार्टीने उरलेले पैसे सोमवारी पाठवले.