कॅम्पर व्हॅन, दोन कुत्रे अन् छतावरचा पंखा

कॅम्पर व्हॅन म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी; तिच्यातला पलंग, सिंक, ओटा याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय. ते ठीकच आहे. मी पंख्याबद्दल लिहितोय, कारण ऐन होळीच्या तोंडावर रामटेकजवळ, खिंडसी तलावाच्या काठावर तो बंद पडला आणि गाडीचं काम केलेल्या वर्कशॉपवाल्यानं हात वर केले.

दिवाळीत गाडी घेतली तेव्हा छतावरचा एसी मी मुद्दाम टाळला. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर. हजार वॅटचा एसी ती सव्वा तासात गिळतो. पंखा तीनेक अँपिअरवर रात्रभर चालूनही उरते. थंडीत हे कौतुक कागदावरच होतं. पळस फुलले की इकडे भटकायला मजा येते, पण मार्चात दुपारी पारा पस्तिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो, आणि उन्हात उभी बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. तेव्हा पंखा बंद म्हणजे सहल बंद. शेरू (लॅब्रॅडॉर) आणि चिंगी (गावठी) यांना पुढच्या सीटवर बसवून, गाडीचा एसी लावून, डिझेल जाळत घरी आलो.

वर्कशॉपवाला म्हणतो, "भाऊ, शाफ्टात कुत्र्याचे केस गुंतले. हे वॉरंटीत नाही बसत."

वा! पट्टे अडकवायच्या कड्या यांनीच फरशीला ठोकल्या, त्याचे वेगळे पैसे घेतले. त्या काय बकऱ्यांसाठी होत्या? ऋतू बदलला की लॅब केस गाळणारच. शिवाय मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून गावोगावी झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती राख खिडकीतून आत येते, केसांवर बसते, अन् मोटरीवर सगळ्याचा नमदा होतो. पंख्याखाली जाळी दिली असती तर शंभर-दीडशेचं काम होतं.

अपडेट: नागपुरात बर्डीच्या बाजारात त्याच मापाची मोटर मिळाली, वर्कशॉपनं सांगितलेल्या रकमेच्या चौथाईत. खाली मच्छरदाणीचा तुकडा वेल्क्रोनं लावला. आठवड्याला झटकायचा, बस.

आणि आता या पंख्याबद्दल माझं मत पार बदललंय. सावलीकडची एकच खिडकी उघडी ठेवून तिला कूलरची वाळ्याची ताटी बांधली, पाणी मारलं, पंखा बाहेर फेकणारा ठेवला. गाडीचाच कूलर झाला राजेहो! आपली मार्चची हवा कोरडी, त्यामुळे ताटीतून येणारी झुळूक खरंच गार लागते, आणि दमट हवा वरून निघून जाते. ती आत कोंडली तर उलटं होतं: दमटपणात धापा टाकूनही कुत्रं गार होत नाही. चिंगी ताटीखालून हलत नाही. तरी भर दुपारी आम्ही त्यांना गाडीत सोडून कुठे जात नाही, पंखा असो वा नसो.

बाकी, ताडोबा-पेंचच्या गेटातून पाळीव प्राणी नेता येत नाहीत, तेव्हा तलाव आणि ओळखीच्यांची शेतं हेच मुक्काम. बिबट्याचा भाग असल्यानं अंधार पडला की दोघंही आत. गोचीड रोज तपासायचे.

वॉरंटीच्या कागदात 'कुत्रा' हा शब्द कुठे आहे ते दाखवा, असं वर्कशॉपला लेखी विचारलंय. मोटरीचं बिलही सोबत जोडलंय.